बोजोलेचे दहा क्रू आणि ल्योंचं ताट: प्रकल्प नोंदी

21 नोव्हेंबर 2024

आज नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार, म्हणजे बोजोले नूव्हो (फ्रान्समध्ये ल्यों शहराच्या उत्तरेला असलेल्या बोजोले प्रदेशाची त्याच वर्षीची ताजी वाइन) बाजारात येण्याचा दिवस. 1985 पासून हा वार ठरलेला आहे. त्याआधी 15 नोव्हेंबर ही तारीख असे. ल्योंच्या दुकानांत आज दर्शनी भागात याच बाटल्या मांडलेल्या आहेत, म्हणून चौकट आजच आखून घेतली: हा प्रकल्प नूव्होचा नाही. नूव्हो फक्त ‘बोजोले’ आणि ‘बोजोले-व्हिलाज’ या दोन नावांखाली विकता येते. ज्या दहा जागा स्वतःच्या नावाने वाइन विकतात, त्या दहा क्रूंना नूव्हो काढायची मुभाच नाही. काम त्या दहांचं.

उत्तरेकडून दक्षिणेकडे: सँत-आमूर, ज्युलिएना, शेना, मूलँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मोर्गों, रेनिए, ब्रुयी, कोत द ब्रुयी. द्राक्ष एकच, गामे: साल काळी, रस पांढरा. प्रत्येक क्रूसाठी मराठीत एक पत्रक तयार करायचं. त्यात वाइन किती अंशांवर द्यायची, किती आधी उघडायची, सोबत काय वाढायचं, तो पदार्थ कसा शिजवायचा आणि काय टाळायचं, एवढंच असेल.

जोडी ठरवण्याचा पाया. लाल वाइन म्हटलं की लाल मांस, हा नियम इथे उपयोगाचा नाही. गामेत टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) कमी आणि आंबटपणा भरपूर असतो. त्यामुळे मांसाचा रंग न बघता पदार्थातली चरबी, मीठ आणि त्याचा स्वतःचा आंबटपणा बघायचा. चौथी गोष्ट वाइनचं तापमान, आणि आमच्या मते निम्म्या जोड्या तिथेच बिघडतात.

24 नोव्हेंबर

नूव्हो बाजूला ठेवली तरी एक बाटली उघडली, कारण बोजोलेची आंबवण्याची रीत तिच्यात सर्वांत उघडी दिसते. घड हाताने तोडतात आणि देठासकट अख्खे टाकीत भरतात. वरच्या वजनाने तळाचे मणी फुटतात, रस सुटून आंबायला लागतो आणि कार्बन डायऑक्साइड टाकीभर साठतो. वरच्या अख्ख्या मण्यांना प्राणवायू मिळेनासा होतो. मग मण्याच्या आतच, यीस्टच्या मदतीशिवाय, त्याची स्वतःची विकरं थोड्या साखरेचं अल्कोहोल करतात, साधारण 2 टक्क्यांपर्यंत. मॅलिक आम्लही काही प्रमाणात मोडतं. पुढे मणी फुटतो किंवा दाबला जातो आणि उरलेली साखर यीस्ट संपवतं. सालीतून रंग आणि फळाचा वास येतो, तुरटपणा मात्र बेताचाच. नूव्होसाठी हे सगळं चार-पाच दिवसांत उरकतात. क्रूसाठी घड दहा-पंधरा दिवस टाकीत राहतात, कधी त्याहून जास्त, आणि काही उत्पादक शेजारच्या बरगंडी प्रदेशासारखे देठ काढून आंबवतात.

नूव्होत येणारा पिकल्या केळ्याचा किंवा चघळायच्या गोड गोळीचा वास द्राक्षाचा नाही. तो आयसोअमिल ॲसिटेट या रसायनाचा, आणि तो वाढवणारं यीस्ट निवडलं की हमखास येतो. काही ठिकाणी आंबवण्याआधी द्राक्षं 60 ते 70 अंशांपर्यंत तापवतात. त्या वाइन एकमेकींसारख्याच लागतात. चाचणीचा नियम ठरवला: क्रूच्या बाटलीत केळं ठळक आलं तर ती बाटली बाद. तिच्यावरून गावाबद्दल काहीच कळत नाही.

ताटात रोझेत (ल्योंचं सुकवलेलं पोर्क सॉसेज) आणि ग्रातों, म्हणजे पोर्कच्या चरबीचे कुरकुरीत तळलेले तुकडे. वाइन 11 अंशांवर. 2024 चं वर्ष पावसाचं गेलं, वाइन हलकी आहे, आणि खारट चरबीपुढे हाच हलकेपणा कामी आला. रोझेतचे काप 2 मिलिमीटरच्या वर नकोत. जाड काप चावत बसावं लागतं आणि तोवर वाइनचं फळ विरून जातं. बाजूला ठेवलेल्या व्हिनेगरमधल्या काकड्यांनी मात्र प्रत्येक घोट पाणचट केला. काकड्या ताटातून काढल्या.

1 डिसेंबर

बाटल्यांची निवड. शक्य तिथे सगळ्या 2022 च्या, म्हणजे फरक गावाचा दिसेल, वर्षाचा नाही. 2022 उष्ण वर्ष होतं; फळ पिकलेलं, अल्कोहोल काहींत 14 टक्क्यांपर्यंत. तोल म्हणून मोर्गों आणि ब्रुयीची 2021 चीही एकेक बाटली घेतली. त्या वर्षी एप्रिलमध्ये हिम पडलं, उन्हाळा थंड आणि ओला गेला, वाइन सडपातळ झाल्या. मूलँ-आ-व्हाँची एक 2015 ची. प्रत्येकीची एक बाटली राखीव, कारण बुचाचा दोष (ओल्या पुठ्ठ्याचा वास) निघाला तर ती चाचणी वाया जाते.

जमीन बघून चार गट पाडले. फ्लरी, शिरूब्ल, रेनिए: गुलाबी ग्रॅनाइटची भुरभुरीत वाळू, वाइन सुगंधी आणि नाजूक. शिरूब्ल सर्वांत उंचावर, मळे 400 मीटरच्याही वर जातात, म्हणून ती सर्वांत ताजी लागते. मूलँ-आ-व्हाँ आणि शेना: ग्रॅनाइटच, पण वाइन घट्ट आणि टिकाऊ. कोत द ब्रुयी आणि मोर्गोंची कोत द्यू पी टेकडी: जुना, निळसर, कुजत आलेला ज्वालामुखी खडक, आणि वाइनला कणा. चौथा गट ज्युलिएना, सँत-आमूर आणि ब्रुयी यांचा, जिथे एकाच नावाखाली बऱ्याच प्रकारची माती येते. ब्रुयी हा सर्वांत मोठा क्रू; त्याच्या मधोमध उभ्या टेकडीचा उतार तेवढा वेगळा काढून कोत द ब्रुयी झाला आहे. ब्रुयी घेताना म्हणूनच उत्पादक बघावा, नुसत्या नावावर जाऊ नये.

5 डिसेंबर

तापमानाची चाचणी. एकच ब्रुयी 2022, चार ग्लास: 10, 13, 16 आणि 19 अंश. सोबत तोच खारट सॉसेजचा काप.

10 अंशांवर वास मिटलेला, आंबटपणा टोचतो. 13 वर लाल फळं स्वच्छ येतात, चरबी धुतली जाते आणि पुढचा घास घ्यावासा वाटतो. 16 वर वाइन मऊ, पण सॉसेजचं मीठ पुढे सरकतं. 19 वर आधी अल्कोहोल नाकात चढतं आणि फळाचा मुरांबा होतो. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला हीटर नसलेल्या जुन्या दगडी घरांच्या काळातला आहे. आजची खोली 21-22 अंशांची असते. मुंबई-पुण्यात तर 30 ची.

पत्रकावर जाणारे आकडे. शिरूब्ल, रेनिए, ब्रुयी: 13 अंश. फ्लरी, सँत-आमूर: 14. ज्युलिएना, कोत द ब्रुयी, शेना: 14 ते 15. मोर्गों 15, मूलँ-आ-व्हाँ 16. 20 अंशांची बाटली 13 वर आणायला घरच्या फ्रिजमध्ये साधारण तासभर लागतो, कधी थोडा जास्त. बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलेल्या बादलीत दहाएक मिनिटं पुरतात. नुसता बर्फ घेऊ नये. खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली सावकाश गार होते. ग्लासात ओतल्यावर वाइन लवकर तापते, म्हणून ठरलेल्या आकड्यापेक्षा 1-2 अंश गारच ओतावी आणि एका वेळी 10 सेंटिलिटरच्या (100 मिलिलिटर) वर ओतू नये.

8 डिसेंबर

सोसिसों आ क्युईर, म्हणजे शिजवून खायचं ताजं सॉसेज, बहुतेकदा पिस्ते घातलेलं. वजन 400 ते 500 ग्रॅम. गार पाण्यात ठेवायचं, सावकाश तापवायचं, पाणी 80 अंशांपाशी राखायचं आणि 35 ते 40 मिनिटं द्यायची. पाणी उकळलं की आवरण फाटतं, चरबी पाण्यात उतरते आणि आतलं मांस भुसभुशीत होतं. टोचे मारायचे नाहीत, कारण तेच. काढल्यावर पाच मिनिटं थांबून 1 सेंटिमीटरचे काप. सोबत सालीसकट उकडलेले छोटे घट्ट बटाटे, गरम असतानाच तेल आणि अगदी थोड्या व्हिनेगरमध्ये घोळलेले.

यासाठी रेनिए. हा क्रू सर्वांत धाकटा, 1988 सालचा, आणि दुकानदारही त्याच्याकडे काणाडोळा करतात. तो अन्याय आहे. उकडलेल्या पोर्कचा वास सौम्य असतो. मोर्गोंने तो झाकला गेला, रेनिएने उजळला.

बोजोलेच्या गावांत हिवाळ्यात हेच सॉसेज ‘गेन’मध्ये शिजवतात. गेन म्हणजे रस दाबून काढल्यावर उरलेला साली, बिया आणि देठांचा चोथा. जाड बुडाच्या भांड्यात तळाला कांद्याच्या चकत्या, त्यावर चार बोटं गेन, त्यावर सॉसेज, पुन्हा गेनचा थर, 30 सेंटिलिटर वाइन, घट्ट झाकण, मंद आच, पाऊण ते एक तास. वाफेवर शिजतं, पाण्यात नाही. इथे दोन गोष्टी बिघडतात. वाइन आटून गेन तळाला लागला तर करपट वास थेट मांसात जातो, म्हणून अर्ध्या तासाने झाकण उघडून बघायचं. आणि गेन जुना, व्हिनेगरचा वास मारणारा असेल तर तो वासही सॉसेज ओढून घेतं. गेन ताजा किंवा गोठवलेलाच घ्यावा. या रूपासाठी रेनिए कमी पडली. चोथ्याची तुरट छटा सॉसेजला लागते आणि ती पेलायला कोत द ब्रुयी लागली. दोन्ही रीती पत्रकांत वेगवेगळ्या द्यायच्या.

14 डिसेंबर

सालाद लियोनेज: कडवट कुरळी पानं, लार्दों (खारवलेल्या पोर्कचे परतलेले तुकडे), पावाचे तळलेले तुकडे, वर पोच केलेलं (फोडून गरम पाण्यात शिजवलेलं) अंडं. अडचण व्हिनेगरची. नेहमीचं प्रमाण 3 भाग तेलाला 1 भाग व्हिनेगर. त्यापुढे दहाही वाइन सपाट पडल्या. आंबट पदार्थानंतर वाइनचा आंबटपणा जिभेला जाणवत नाही, आणि गामेचं सगळं बळ तिथेच असतं.

उपाय सापडला तो असा. सॅलडमध्ये वेगळं व्हिनेगर घालायचं नाही. लार्दों परतून झाले की त्याच गरम तव्यात 4 माणसांसाठी 2 मोठे चमचे रेड वाइन व्हिनेगर ओतायचं, अर्धं आटू द्यायचं, चरबीसकट पानांवर घालायचं. तापल्यावर व्हिनेगरचा तिखट भाग उडून जातो, चरबी उरलेल्याला मऊ करते, आणि फुटलेला बलक सगळ्यावर पांघरूण घालतो. अंडं 3 मिनिटांच्या वर नको. बलक घट्ट झाला तर या जुळणीतला बांधणारा भागच जातो. शिरूब्ल, 12 ते 13 अंश. कडवट पान आणि उंचावरच्या द्राक्षाचा ताजेपणा एकमेकांना धरून राहतात.

22 डिसेंबर

कार्दों, हाडातल्या मगजासह भाजलेले. ल्योंमध्ये नाताळच्या ताटात हे असतंच, त्यामुळे तपासणं भाग होतं. कार्दों ही आर्टिचोकच्या कुळातली भाजी. या कुळात सायनारिन असतं. ते खाल्ल्यावर पुढचा घोट, अगदी पाण्याचासुद्धा, गोडसर लागतो. लाल वाइन त्यामुळे लापट आणि जरा धातूसारखी लागते. एकही क्रू टिकला नाही. पत्रकात ‘टाळा’ खाली.

5 जानेवारी 2025

ज्युलिएना आणि कोंबडा. हा पदार्थ त्या गावाच्या नावानेच ओळखला जातो, आणि सर्वांत जास्त वेळ त्याला द्यायला हवा.

खरा कोंबडा मिळाला तर 2.5 किलोचा, 8 ते 10 तुकडे, 2 बाटल्या वाइन, 24 तास फ्रिजमध्ये मुरवण. साधी कोंबडी असेल तर 1.6 ते 1.8 किलो, 1 बाटली, आणि मुरवण 6 ते 8 तास. त्यापुढे आंबट वाइनमध्ये छातीचं मांस पिठूळ होतं. मुरवणीत 2 कांदे, 1 गाजर, 3 लसूण पाकळ्या, थाइम, तमालपत्र, 10 मिरे. मीठ नाही.

तुकडे काढून कापडाने कोरडे करायचे. ओला तुकडा तव्यावर उकडतो, लाल होत नाही, आणि रस्श्याची अर्धी चव या लाल होण्यातून येते. इकडे मुरवणीची वाइन गाळून स्वतंत्र उकळायची. मांसातून उतरलेली प्रथिनं गोठून राखाडी फेसासारखी वर येतात. ती काढून पुन्हा गाळायची. हे टाळलं तर रस्सा गढूळ राहतो आणि कितीही आटवला तरी चकाकी येत नाही. वाइन एक तृतीयांश आटवून घ्यायची.

लाल केलेल्या तुकड्यांवर 2 मोठे चमचे मैदा, दोन मिनिटं परतायचा, मग 5 सेंटिलिटर मार (द्राक्षाच्या चोथ्याची ब्रँडी) किंवा कोन्याक ओतून पेटवायचं. त्यावर वाइन आणि कोंबडीचा अर्धा लिटर स्टॉक. आच एवढीच की पृष्ठभाग हलता राहील. कोंबड्याला 2 ते 3 तास, कोंबडीला 50 ते 60 मिनिटं. वेगळ्या तव्यात 150 ग्रॅम लार्दों, 200 ग्रॅम मशरूम आणि 20 छोटे कांदे परतून शेवटच्या पंधरा मिनिटांत घालायचे. भांडं बिडाचं, मुलामा दिलेलं किंवा स्टीलचं. उघड्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात वाइनचं आम्ल धातू ओढतं आणि चव बिघडते.

रस्सा आंबट लागला तर कारण बहुधा एकच: वाइन आधी आटवलेली नाही आणि रस्सा शेवटी घाईने आटवलेला आहे. साखर घालून तो सावरत नाही, वर वाइनही कडक लागायला लागते. मुरवणीतलं शिजलेलं गाजर चाळणीवर दाबून त्याचा गर रस्श्यात घालावा, आणि आच बंद केल्यावर 30 ग्रॅम थंड लोणी. दुसऱ्या दिवशी रस्सा जास्त एकजीव होतो, तेव्हा आदल्या दिवशी करून ठेवणंच बरं.

कोणती वाइन शिजवायची? बोजोले-व्हिलाज पुरते. ज्युलिएना पातेल्यात ओतून शेजारी शिजवून पाहिली. दोन तासांनंतर फरक ओळखता आला नाही. ज्युलिएना ग्लासातच ठेवावी. तिच्यात मसाल्याची छटा आणि थोडा खडबडीतपणा आहे, तो लार्दों आणि मशरूमपुढे शोभतो. 15 अंश, अर्धा तास आधी उघडून. मोर्गोंही चालली, फ्लरी रस्श्यात बुडून गेली.

11 जानेवारी

अंडी आँ मरेत: पोच केलेली अंडी लाल वाइनच्या सॉसमध्ये, लार्दों आणि कांद्यासह. एरवी बलक जिभेवर थर धरतो आणि लाल वाइन मुकी होते. इथे सॉसच वाइनचा असल्याने तो थर कापला जातो. 75 सेंटिलिटर वाइन 20 वर आणायची. अंडी सॉसमध्ये पोच करू नयेत. पांढरा भाग राखाडी-जांभळा होतो आणि सॉसमध्ये तंतू सुटतात. पाण्यात करून वर ठेवावीत. कोत द ब्रुयी.

19 जानेवारी

मोर्गों. 2021 आणि 2022 शेजारीशेजारी, दोन्ही कोत द्यू पीच्या. शिवाय कोर्सलेत या रेताड भागातली एक, जी नाकाला फ्लरीच्या जवळची वाटते. पत्रकावर हा भेद द्यायला हवा, कारण ‘मोर्गों म्हणजे भारदस्त’ एवढ्यावर कोर्सलेतची बाटली घेतली तर ताट वाइनवर चढतं.

पहिला पदार्थ आँदुयेत, आतड्यांचं सॉसेज. तवा मंद, 15 ते 20 मिनिटं, सारखं फिरवत. मोठ्या आचेवर ते फुटतं आणि आतलं बाहेर येतं. सॉस: 2 शॅलट (छोटे सौम्य कांदे), 15 सेंटिलिटर माकों ही पांढरी वाइन अर्धी आटवून, 15 सेंटिलिटर क्रीम, आच बंद करून 1 मोठा चमचा दिजों मोहरी. मोहरी उकळली की झणका जातो आणि कडवटपणा उरतो. या पदार्थाचा वास उग्र असतो. त्याच्यापुढे 2021 ची मोर्गों जास्त बरी ठरली, कारण क्रीमला तिचा आंबटपणा हवा होता. 2022 ची क्रीममध्ये जड झाली.

दुसरा पदार्थ ओंग्ले, बीफचा श्वासपटलाजवळचा कट. 180 ग्रॅमचा तुकडा, कडकडीत तवा, प्रत्येक बाजू 2 मिनिटं, 5 मिनिटं विश्रांती, धाग्यांच्या आडवे काप, वर लोण्यात परतलेले शॅलट. इथे उलट झालं, 2022 वरचढ. कमी शिजलेल्या मांसाच्या रसाळपणाला पिकलेलं फळ हवं असतं. हाच कट जास्त शिजवला तर चामड होतो आणि कुठलीच वाइन त्याला वाचवत नाही.

मोर्गोंच्या संदर्भात कमी सल्फरच्या (वाइन टिकवण्यासाठी घालतात ते) बाटल्यांबद्दल लिहिणं आवश्यक. द्राक्षाच्या अंगचं यीस्ट आणि कमीत कमी सल्फर ही वाट रसायन जाणणारे वाइन उत्पादक ज्यूल शोव्हे यांनी दाखवली आणि विली-मोर्गोंच्या मार्सेल लापिएर यांनी ती रूढ केली. या वाइन उत्तम असतात, पण नाजूक. 14 अंशांच्या खाली साठवाव्यात. त्यातला एक दोष नाकाला कळतच नाही: उंदराच्या बिळाची चव. वाइन आम्लधर्मी असल्याने त्या दोषाचा वास ग्लासात उडत नाही. घोट घेतल्यावर लाळेने आम्ल कमी झालं की काही सेकंदांनी घशाशी उमटतो. म्हणून अशी बाटली पाहुण्यांना वाढण्याआधी नुसती हुंगून चालणार नाही, घोट गिळून दहा सेकंद थांबायचं. सगळ्यांना हा दोष जाणवत नाही, तेव्हा दोघांनी तपासावं.

26 जानेवारी

मूलँ-आ-व्हाँ. या नावाचं गाव नाही. रोमानेश-तोरँ आणि शेना या गावांमधल्या पवनचक्कीवरून नाव. इथल्या जमिनीत मँगनीज आहे, इतकं की रोमानेशाइट या खनिजाला या जागेचंच नाव मिळालं. वाइनमध्ये मँगनीजची चव लागते असं सांगितलं जातं. आम्ही ते पत्रकात घालणार नाही. मँगनीज जास्त झालं की वेलीची वाढ खुंटते, मणी लहान राहतात, सालीचं प्रमाण वाढतं. घट्टपणा तिथून येतो.

2022 ची अजून मिटलेली आहे, ओक लाकडाच्या पिंपाचा वासही वर आहे. दोन तास आधी डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून ओतायचं रुंद भांडं), जाड बीफच्या चॉपबरोबर. 2015 ची मात्र फुलली आहे: सुकलेली फुलं, मिरी, ओली माती. गामे टिकत नाही म्हणणाऱ्यांनी ही चाखावी. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवायची, गाळ तळाला बसतो. वाढताना अलगद ओतून शेवटचे दोन बोटं सोडून द्यायचे. डिकँटरमध्ये तासभर ठेवली तर वास उडून गेला, म्हणून थेट ग्लासात.

तिच्यासोबत बीफचे गाल: 1.2 किलो, 140 अंशांच्या ओव्हनमध्ये साडेतीन तास. पातेल्यात 2 च्या वर गाजरं नकोत. रस्सा गोड झाला की 2015 ची वाइन एकदम आंबट आणि रोडावलेली लागते. रानडुकराचं मांसही याच रीतीने चालेल.

शेनाची बाटली याच ताटाबरोबर तपासली. सर्वांत छोटा क्रू, मूलँ-आ-व्हाँला लागून, आणि किमतीला उतरता. गालांना पुरेशी पडली. खर्च वाचवायचा असेल तर इथे वाचवावा.

6 फेब्रुवारी

फ्लरी आणि ब्रेसची कोंबडी (1957 पासून कायद्याने संरक्षित नाव असलेली). 1.8 किलोच्या पक्ष्याला 18 ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडं ठेवायचं, म्हणजे कातडी कोरडी होते. 200 अंशांवर 20 मिनिटं, मग 160 वर 50 ते 60, मध्ये दोनदा सुटलेला रस वरून घालत. मांडीच्या आत 74 अंश झाले की बाहेर, आणि 15 मिनिटं तशीच ठेवायची. तव्याला चिकटलेलं पाण्याने सोडवून रस, बाकी काही नाही.

क्रीम आणि मोरेल मशरूमचं प्रसिद्ध रूपही करून बघितलं. तिथे फ्लरीचा सुगंध क्रीमखाली दबतो. ते ताट पांढऱ्या वाइनचं आहे. पाइक माशाच्या केनेल (मऊ उकडलेले गोळे) आणि नाँत्युआ या क्रेफिशच्या सॉसचंही तेच. ल्योंचा पदार्थ आहे एवढ्यावरून लाल वाइनशी लग्न लावू नये.

सँत-आमूर: व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात नावामुळे भाव चढतो. आधी किंवा नंतर घ्यावी. बदकाच्या छातीबरोबर छान, पण सोबत चेरी किंवा मध नको.

13 फेब्रुवारी

चीज. सँ-मार्सलँ, 80 ग्रॅमची छोटी चकती: मऊ झालेली पण वाहायला न लागलेली असेल तर ब्रुयी 2021 बरोबर सुरेख. पूर्ण वाहू लागली की अमोनियाचा वास येतो आणि लाल फळ कडू लागतं. माकोनेचं छोटं बकरीचं चीज आठवड्याभराचं असताना शिरूब्ल. महिनाभर वाळल्यावर रेनिए. एपोआस: सगळ्या क्रूंना मारून टाकतं, यादीबाहेर. सेर्व्हेल द कान्यू (ताजं चीज, शॅलट, चाइव्ह, व्हिनेगर) थंडगार ब्रुयीबरोबर चालतं, व्हिनेगर अर्धं केलं तरच.

23 फेब्रुवारी

पत्रक मराठी घरांत जाणार, तेव्हा तिखटाबद्दल लिहावं लागेल. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते, टॅनिनने खरखरीत होते. म्हणून तिखट ताटाला 2021 सारख्या वर्षाची, 12.5 टक्क्यांपर्यंतची वाइन, 12 अंशांवर. सुक्या खोबऱ्याचं सुकं मटण, मिरची बेताची: कोत द ब्रुयीने खोबऱ्याची चरबी छान कापली. पांढरा रस्सा: फ्लरी. तांबडा रस्सा: कुठलीच वाइन नको. भरल्या वांग्यांत चिंच-गूळ असेल तर वाइन आंबट पडते. गूळ काढून दाण्याचं कूट वाढवलं की ब्रुयी जमली. थालीपीठ आणि लोणी यांना रेनिए, आणि ही जोडी रोझेतच्या तोडीची आहे.

2 मार्च

छपाईला जाणारा वाढण्याचा क्रम: शिरूब्ल, रेनिए, ब्रुयी, फ्लरी, सँत-आमूर, कोत द ब्रुयी, ज्युलिएना, शेना, मोर्गों, मूलँ-आ-व्हाँ. एका जेवणात चारच्या वर नकोत. 8 माणसांना चाखण्यापुरते 6 सेंटिलिटर धरले तर एक बाटली पुरते आणि एकेक छोटा घोट वाढायला उरतो. जेवणासोबत प्यायची असेल तर प्रत्येक क्रूच्या दोन.

घास, घोट, पुन्हा घास, या क्रमाने तपासायचं. पहिला घोट पदार्थाआधी घेतला तर आंबटपणा जास्त वाटतो आणि वाइनबद्दलचं मत चुकतं.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन दिवस राहते, मूलँ-आ-व्हाँ आणि मोर्गों चारही. अर्ध्यापेक्षा कमी उरली तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरावी. कमी सल्फरची मात्र दुसऱ्या दिवशीच संपवावी.